बिननावाचा बिल्ला

१

बुधवारी सकाळी एक्स-रे विभागाचं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा सगळ्यात वरच्या फळीवर अकराच्या जागी दहा नोंदवह्या होत्या. गेली होती ती लाल पाठीची, सर्वांत जुनी. कुलपावर साधा ओरखडासुद्धा नव्हता. आता हॉस्पिटलात चोऱ्या होतच नाहीत असं नाही. चादरी जातात, चमचे जातात, एकदा तर सलाईनचा अख्खा स्टँड आपल्या चाकांवरून चालता झाला होता. पण वीस वर्षांपूर्वीची नोंदवही कुणी पळवल्याचं ऐकिवात नव्हतं.

सुपरिंटेंडेंट डॉक्टरांनी पोलिसांना फोन केला नाही, भिंगबाईंना केला.

भिंगबाई म्हणजे हॉस्पिटलच्या दप्तराच्या माजी प्रमुख. डॉक्टरांचं अक्षर लावण्यासाठी त्या गळ्यात दोरीला भिंग अडकवून फिरत, म्हणून हे नाव पडलं आणि खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं. तीस वर्षांत त्यांच्या हातून एक कागद हरवला नव्हता, आणि दुसऱ्यांनी हरवलेले त्यांनी पोत्यांनी शोधून दिले होते. "कागदाला पाय नसतात, माणसाला असतात," असं म्हणून त्या आधी माणूस शोधत. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी कुठली फाईल सापडेना की अजून त्यांनाच बोलावणं जाई.

या वेळी बोलावणं आलं नसतं तरी त्या आल्या असत्या.

लाल वहीत बिल्ल्यांच्या नोंदी होत्या. एक्स-रे काढणाऱ्या प्रत्येकीच्या छातीवर काड्यापेटीएवढा एक बिल्ला असतो. अंगाला किती रेडिएशन लागलं ते त्यात साठत जातं. दर तीन महिन्यांनी बिल्ले दूरच्या प्रयोगशाळेत जायचे आणि आकडे परत यायचे. लाल वही जुन्या इमारतीतल्या सात वर्षांची होती. त्या काळात तिथे चौदा मुली कामाला होत्या, विशीच्या आतबाहेरच्या. त्यांतल्या एकीला आठ महिन्यांपूर्वी स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झाल्यावर तिने अर्ज केला: माझं झालं ते झालं, पण उरलेल्या तेराजणींना शोधून बोलवा, त्यांची दरवर्षी तपासणी करा. शुक्रवारी समिती बसणार होती. वहीच नसेल तर पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हटल्यावर अर्ज फाईलबंद होणार होता.

ती अर्ज करणारी म्हणजे भिंगबाईंची सख्खी भाची. उंची बेताची, म्हणून घरीदारी सगळे तिला ठेंगू म्हणत. एकोणिसाव्या वर्षी तिला या नोकरीला चिकटवली होती ती मावशीनेच. "सावलीतलं काम आहे, पोरीला ऊनसुद्धा लागणार नाही," असं त्यांनी बहिणीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. बहीण आता हयात नव्हती. ते वाक्य मात्र गेले आठ महिने भिंगबाईंच्या घशात अडकून बसलं होतं, आणि भाचीसमोर बसलं की त्यांची मान आपोआप खाली जाई.

सुपरिंटेंडेंट स्वतः कपाटापाशी आले. वही सापडावी अशी त्यांची मनापासून इच्छा दिसली, आणि त्याचं कारणही त्यांनी लपवलं नाही.

"मागच्या आठवड्यात मी ती चाळलीये, बाई. चौदाजणींच्या नावापुढे सात वर्षं शून्य. सगळी पानं शून्य. वही असती तर समितीने पाच मिनिटांत आम्हाला मोकळं केलं असतं."

भिंगबाईंनी भिंग डोळ्याला लावलं. वरच्या फळीवर उरलेल्या वह्या एकमेकींवर कलंडल्या होत्या, दोन आडव्या पडल्या होत्या. कपाटासमोर पायरीचं स्टूल होतं. विभागाची इनचार्ज ताडमाड उंच, दारातून वाकून येणारी. तिचा हात सहज पोचायचा, तिला स्टूल कशाला लागेल? त्यांनी हे मनात टिपलं. त्यांना वेगळाच प्रश्न पडला होता. शून्यांनी भरलेली वही चोरायला येईल कोण?

२

किल्ली इनचार्जच्या कमरेला असे. ठेंगूच्याच वेळी, विसाव्या वर्षी, ती कामाला लागली होती. जुन्या चौदाजणींतली हॉस्पिटलात टिकलेली एवढी एकटीच. भिंगबाईंनी तिला डार्करूमच्या रिकाम्या खोलीत बसवलं आणि मंगळवारचा दिवस विचारला.

तिने घडाघडा सांगितलं. सकाळी कपाट उघडलं, जुन्या वह्या पुसल्या, कुलूप लावलं, दिवसभर किल्ली कमरेला. सांगताना तिची नजर मात्र जमिनीवरच्या एकाच फरशीला धरून होती. भिंगबाईंनी नुसतं "हं" म्हटलं आणि गप्प बसल्या. दप्तरात त्यांनी एक विद्या कमावली होती. खोटं बोलणाऱ्याला गप्प माणूस सहन होत नाही.

दोन मिनिटांनी इनचार्ज म्हणाली, "बाई, वही मी घेतली नाही. पण मी आत्ता खोटं बोलले."

मंगळवारी साडेअकराला ती कपाट उघडं टाकून वीस मिनिटं खाली गेली होती. सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई ओळखीच्या होत्या. त्यांना तिने विनवलं होतं, रजिस्टरात नाव लिहू नका, नुसतं बघा. महिनाभरापूर्वी अंघोळ करताना तिला छातीत गाठ हाताला लागली होती. डॉक्टरीणबाईंनी सुईची तपासणी करायला सांगितलं. ती "उद्या येते" म्हणाली होती, आणि आज तिकडे फिरकली नव्हती.

"घरी सांगितलंस?"

"नाही. काय सांगू? नवऱ्याला तो शब्दसुद्धा मोठ्याने म्हणवत नाही. आणि हसतील लोक, बाई. जन्मभर दुसऱ्यांना म्हणत आले, घाबरू नका, कपडे काढा, दोन मिनिटांचं काम आहे. स्वतःवर आली तर चोरासारखी जिना उतरले."

मग ती हळूच म्हणाली की ती त्या लाल वहीकडे डोळे लावून बसली होती. समितीने हो म्हटलं तर सगळ्यांबरोबर आपलंही बोलावणं येईल, रांगेत उभं राहता येईल, एकटीने सांगायला नको. वहीत शून्यच असेल तर मग गाठ आपली आणि आपल्या नशिबाची.

भिंगबाईंनी तिचा हात धरला आणि सुईच्या तपासणीला मी बरोबर येते म्हणाल्या. तिने हात सोडवून घेतला. "आधी वही," ती म्हणाली.

त्या वीस मिनिटांत विभागात कोण होतं? इनचार्जने बोटांवर मोजून सांगितलं. सुपरिंटेंडेंट एक चक्कर मारून गेले. निवृत्त मास्तर नेहमीसारखे बाकावर पेपर वाचत होते. आणि ठेंगू आली होती, समितीपुढे काय बोलायचं त्याची तयारी करायला. वही चाळायची होती तिला, पण ती थांबली नसावी, कारण इनचार्ज वर आली तेव्हा बाक रिकामा होता. मास्तरही गेले होते.

जाता जाता तिने आणखी एक सांगितलं, आणि भिंगबाईंची पावलं थांबली.

"मी खाली जायला निघाले तेव्हाच मास्तर म्हणाले होते, ती लाल वही जाळून टाका एकदाची."

३

मास्तर म्हणजे जुने मुख्य तंत्रज्ञ. चौदाही मुली त्यांनी हाताखाली तयार केल्या. निवृत्तीनंतर घरी सून पेपर आधी वाचते म्हणून ते रोज इथल्या बाकावर येऊन बसत. भिंगबाई आणि ते एका वयाचे. मास्तरांचा आवाज अजून खणखणीत होता, पण जाळून टाकण्याची गोष्ट काढल्यावर तो बसला.

"म्हणालो खरा. वैतागून म्हणालो. वहीत काय आहे ते मला ठाऊक आहे, शून्य. ते शून्य मला बघवत नाही."

मग त्यांनी आपणहून सांगायला घेतलं. शिशाचे ॲप्रन विभागाला दोनच मिळाले होते आणि दोन्ही त्यांच्या मापाचे. ठेंगूच्या अंगात तो ॲप्रन पोत्यासारखा लोंबे, काखेची भोकं कमरेपर्यंत येत. लहान मूल रडायला लागलं की त्याला धरायला कोणीतरी आत थांबावं लागे, आणि ते कोणीतरी बहुतेक ठेंगू असे, कारण मुलांना ती आवडे. मूल धरायला हात पुढे केले की काखेची बाजू उघडीच. मास्तर काचेआडून बटण दाबत.

"गाठ कुठे निघाली तिला, बाई?"

"काखेच्या कडेला," भिंगबाई म्हणाल्या.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घालायला बराच वेळ घेतला. ते म्हणाले की माणूस कुठल्या कारणाने आजारी पडतो ते देवालाच ठाऊक, पण मुलं धरून धरून जिने सात वर्षं काढली तिच्या बिल्ल्यावर शून्य कसं येईल? ते वर्षानुवर्षं हाच विचार करत आले होते आणि वर्षानुवर्षं त्यांनी तो कुणाला बोलून दाखवला नव्हता. शून्य आलं की बरं वाटे, एवढंच. बरं वाटण्याची आता लाज वाटते म्हणाले.

मंगळवारी त्यांनी ठेंगूला पाहिलं होतं का? पाहिलं होतं. ती ओळख न दाखवताच गेली, कापडी पिशवी छातीशी धरून. ऑपरेशन झालेल्या बायका छाती झाकून चालतात तसं असेल, म्हणून त्यांनी हाक मारली नाही.

वातावरण हलकं करावं म्हणून मास्तर उठता उठता म्हणाले, "त्या इमारतीचं सगळंच अजब होतं. आठवतं? कोऱ्या फिल्मांची खोकी तुमच्या दप्तरात ठेवायचो, भिंतीला लावून. न वापरलेल्या फिल्मा धुरकट निघायच्या. आम्ही म्हटलं, हवा दमट. मग खोकी जिन्याखाली नेली. तिथे तर भिंतीला पाणी सुटलेलं, आणि फिल्मा एकदम चोख!"

ते हसले. भिंगबाईही हसायला गेल्या, आणि त्यांचं हसू अर्ध्यात राहिलं.

त्यांनी जुन्या इमारतीची किल्ली मागवली.

४

जुनी इमारत आता मोडक्या खाटांचं गोदाम झाली होती. भिंगबाई आधी एक्स-रेच्या खोलीत गेल्या. आतल्या भिंतीवर छातीच्या उंचीला स्क्रूची चार भोकं होती. इथे स्टँड होता. पेशंट त्याला छाती टेकून उभा राही आणि यंत्राचं तोंड त्याच्या पाठीवर, म्हणजे थेट या भिंतीवर रोखलेलं असे. त्यांनी बोटाने टकटक केली. पोकळ वाजलं. पूर्वी इथे दार होतं, मग ते प्लायवूडने बुजवून वर गिलावा केला होता. पलीकडे दप्तर.

त्या पलीकडे गेल्या. आपली टेबलाची जागा त्यांना डोळे मिटून सापडली असती. त्याच भिंतीवर कॅलेंडरचा पांढरा चौकोन उरला होता, आणि वर खिळा.

त्या तिथेच एका मोडक्या खाटेवर बसल्या.

दर तिमाहीला चौदा बिल्ल्यांबरोबर एक पंधरावा यायचा. त्याच्यावर कुणाचं नाव नसे. तो रेडिएशनपासून दूर ठेवायचा असतो. हवेतलं, मातीतलं जे थोडंफार सगळ्यांनाच लागतं ते तो मोजतो, आणि प्रयोगशाळा त्याचा आकडा बाकीच्यांतून वजा करते. हे त्यांना माहीत होतं. परिपत्रक त्यांनीच टाईप केलं होतं. पंधरावा कुठे ठेवू, असं विचारल्यावर मास्तर म्हणाले होते, कुठेही ठेवा, फक्त एक्स-रेच्या खोलीत नको. त्यांनी तो आपल्या डोक्यावरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला लटकवला. तारीख आणि बिल्ला एकत्र डोळ्यांसमोर राहावेत म्हणून. सात वर्षांत बिल्ले पाठवायला एकदाही उशीर झाला नाही. निरोप समारंभात त्यांच्या या शिस्तीचा खास उल्लेख झाला होता आणि त्यांनी पदराने डोळे टिपले होते.

पोकळ भिंतीतून रेडिएशन सरळ येत होतं. कोऱ्या फिल्मा त्यानेच धुरकटत होत्या. खोकी जिन्याखाली गेली आणि वाचली, बिल्ला मात्र खिळ्यावरच राहिला. मुलींच्या बिल्ल्यांवर जे साठे, त्यातून याच्यावर साठलेलं वजा होई. जेवढं त्यांना, तेवढंच किंवा जास्त याला. उरलं काय? शून्य.

एवढंच असतं तर त्याला चूक म्हणता आलं असतं. पण भिंगबाईंना आणखी एक आठवलं. एकदा प्रयोगशाळेचं पत्र आलं होतं. दोनच ओळी होत्या. बिननावाच्या बिल्ल्याचा आकडा अपेक्षेपेक्षा जास्त आहे, ठेवण्याची जागा तपासावी. त्यांनी त्यावर आवक क्रमांक घातला, तारीख घातली, खाली सही केली, भोक पाडलं, आणि लाल वहीच्या शेवटी दोऱ्याने ओवलं. कागद आपल्या जागी गेला म्हणजे काम झालं, असा त्यांचा तीस वर्षांचा धर्म होता. पत्र कुणाला दाखवायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

त्यांना आपल्या नीटनेटकेपणाची अशी शरम वाटली की तोंड लपवावंसं झालं, पण लपवायचं तरी कुणापासून, तिथे खाटांखेरीज कुणी नव्हतं.

आता चोराचं उत्तर आपोआप समोर आलं. सुपरिंटेंडेंटना शून्य हवं होतं, ते वही का नेतील? इनचार्ज त्या वहीवर आशा लावून बसली होती. मास्तर जाळा म्हणाले, पण त्यांची चूकही त्या शून्यांनीच झाकली होती. ज्याने शून्यांच्या मागे पाहिलं, शेवटचं पत्र वाचलं आणि खालची सही ओळखली, तोच ती वही लपवील. आणि तीसुद्धा स्वतःसाठी नव्हे.

भिंगबाईंना वाचवायला चोरी करील असं जगात एकच माणूस होतं.

५

ठेंगूने दार उघडलं आणि मावशीच्या तोंडाकडे बघून बाजूला झाली. नवरा कामावर, मुलगी शाळेत. दोघी स्वयंपाकघरात बसल्या.

"वरच्या फळीपर्यंत हात पोचत नाही म्हणून तू स्टूल घेतलंस," भिंगबाई म्हणाल्या. "घट्ट बसवलेल्या ओळीतून जाड वही काढायची तर एका हाताने शेजारच्या वह्या धराव्या लागतात. त्या कलंडल्या होत्या. ऑपरेशन झाल्यापासून तुझा एक हात खांद्याच्या वर जात नाही. मग पिशवीत घालून छातीशी धरलीस. मास्तरांना वाटलं, लाजतेयस."

"लाजतच होते," ठेंगू म्हणाली.

ती आत गेली आणि वही घेऊन आली. कपाटाच्या खालच्या खणात, ऑपरेशननंतर घालायच्या नव्या आतल्या कपड्यांच्या खाली ठेवली होती. त्या खणाला घरात कुणी हात लावत नाही, नवरासुद्धा नाही, असं ती सहज म्हणाली. भिंगबाईंना ते ऐकवलं नाही.

तिने वही कशी चाळली ते सांगितलं. बिननावाच्या बिल्ल्याचे आकडे वेगळ्या रकान्यात होते, मावशीच्या मोत्यासारख्या अक्षरात. इथे आणि पुढे दुसऱ्या दवाखान्यात मिळून तिने एक्स-रेत बावीस वर्षं काढली होती. तिला कळायला एक पान पुरलं. मग शेवटचं पत्र दिसलं.

"तेराजणींना मीच फोन करणार होते, मावशी. गुपचूप. तपासून घ्या म्हणून सांगणार होते. दोघींना केलेसुद्धा. एकीचा नंबर लागेना, दुसरीने वेड्यात काढलं. हॉस्पिटलचं पत्र आण म्हणाली." ती थांबली. "चूक आहे, कळतंय मला. पण उद्या सगळे तुझ्याकडे बोट दाखवतील. आईमागे तूच आहेस. वही सापडली म्हणून माझी गाठ थोडीच परत जाणार आहे?"

"आणि तू माझ्यावर चिडली नाहीस?"

"चिडले ना. मंगळवारी रात्रभर चिडले. मग आठवलं, पहिल्या दिवशी ॲप्रन जमिनीवर लोळत होता तर तू तो घरी नेऊन दुमडायला बघितलास. शिशात सुई मोडली तुझी."

भिंगबाईंनी वही मांडीवर घेतली. शेवटचं पान उघडलं. पत्र तसंच होतं, भोक अगदी मधोमध, दोरा अजून घट्ट. एक झटका दिला असता तर पत्र हातात आलं असतं. उरली असती ती शून्यांची वही, जी कुणालाच नडत नव्हती. ही गोष्ट सांगताना झाकायची नाही: भिंगबाईंची बोटं त्या दोऱ्यावर गेली होती. ठेंगूने ते पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली, म्हणजे मावशीला संकोच वाटू नये.

त्या वळवलेल्या नजरेने भिंगबाईंना भानावर आणलं. जिच्या अंगावरून सुरी फिरली तीच त्यांची अब्रू सांभाळत होती. आणि तिकडे हॉस्पिटलात एक उंच बाई गाठ घेऊन फिरत होती, बोलावणं येईल म्हणून वाट बघत.

त्यांनी वही मिटली आणि पिशवीत घातली.

"तुझी ती दुसरी, उंच," त्या म्हणाल्या, "तिलाही गाठ लागलीये हाताला."

ठेंगूने तोंडावर हात धरला. मग ती चपला घालायला उठली.

६

शुक्रवारी समितीत तिघंजण होते. मधल्या खुर्चीत बाहेरून आलेल्या रेडिएशनच्या तज्ज्ञ बाई. समोर सुपरिंटेंडेंट, मास्तर, इनचार्ज आणि ठेंगू. सुपरिंटेंडेंटनी वही बघताच सुटकेचा निःश्वास टाकला आणि भिंगबाईंचं कौतुक करायला सुरुवात केली. भिंगबाईंनी त्यांना बसायला सांगितलं.

त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं. पोकळ भिंत, धुरकट फिल्मा, कॅलेंडरचा खिळा, आणि शेवटी पत्र. सावलीतल्या नोकरीचं वाक्यही त्यांनी सांगितलं, जे सांगायची काही गरज नव्हती.

"वही मंगळवारपासून माझ्या घरच्याच माणसाकडे होती," त्या म्हणाल्या. "तीही माझ्यामुळेच. शिक्षा काय द्यायची ती मला द्या."

सुपरिंटेंडेंट चाचरत म्हणाले की बाईंनी तर नियमाप्रमाणे पत्र फाईल केलं होतं. भिंगबाई म्हणाल्या, "तेच तर केलं मी."

तज्ज्ञ बाईंनी वही ओढून घेतली, बिननावाच्या रकान्यावरून बोट फिरवत बेरजा केल्या. मग त्या सावकाश बोलल्या. अमक्या एकीची गाठ अमक्याच कारणाने झाली हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. रेडिएशन लागलेल्या बहुतेक जणींना काहीही होत नाही. पण कोवळ्या वयात, वर्षानुवर्षं लागलं तर धोका वाढतो, आणि तो वीस-वीस वर्षांनी डोकं वर काढतो, म्हणून बोलावून बघायचं असतं. लवकर सापडलं तर बहुतेक वेळा निभावतं. ही शून्यं खोटी आहेत. सगळ्यांना बोलवा.

मास्तरांनी काचेआडची गोष्ट सांगायला हात वर केला. पण त्याआधी इनचार्ज उभी राहिली. ती उभी राहिली की खोली लहान वाटे.

"मला लांबून बोलवायला नको," ती म्हणाली. "मी इथेच आहे. मला गाठ आहे." आणि तिने आपलं नाव सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं.

त्याच दुपारी भिंगबाई आणि ठेंगू तिच्याबरोबर सुईच्या तपासणीला गेल्या. ती आत असताना दोघी बाकावर बसल्या आणि भिंगबाईंनी यादी करायला घेतली. हे काम त्यांच्याइतकं कुणाला येणार? लग्नं होऊन आडनावं बदलली होती, पत्ते बदलले होते, एक परदेशी होती. पण कोण कुठल्या वर्षी सोडून गेली, कुणाचा भाऊ कुठल्या शाळेत शिकवतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात क्रमांकासह लावलेलं होतं. चौदा ओळी झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"झालं?" ठेंगूने विचारलं.

"चौदाच होत्या."

ठेंगूने कागद आपल्याकडे ओढला. "मावशी, तो खिळा कुणाच्या डोक्यावर होता?"

हे भिंगबाईंना जुन्या इमारतीतल्या खाटेवरच कळलं होतं. त्या भिंतीशी, त्या बिल्ल्याखाली सात वर्षं त्या स्वतः बसल्या होत्या. सगळ्या हॉस्पिटलात एकाच माणसाला किती लागलं ते वहीत खरं लिहिलेलं होतं, आणि वर नाव नव्हतं.

"माझं वय तेव्हा चाळिशीपार होतं," त्या म्हणाल्या. "आणि जिने केलं तिने रांगेत उभं राहू नये. मला लाज वाटते गं."

"वाटू दे," ठेंगू म्हणाली. "आम्हालाही वाटतेच. आमच्याबरोबर उभी राहा."

तिने पेन घेतलं. ऑपरेशनच्या बाजूचा तो हात अजून नीट उचलला जात नव्हता, म्हणून तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि पंधराव्या ओळीवर, वेड्यावाकड्या अक्षरात, मावशीचं खरं नाव लिहिलं.